देठ जायच्या वाटेकडे

आमच्या घरात भुताखेतांच्या गोष्टी सांगायला मनाई आहे, आणि ती मनाई मीच केलेली आहे. पोरं अंधारात अंगणात जायला घाबरू लागली की माझी कामं वाढतात, एवढंच त्याचं कारण. अंगात येणं, नजर लागणं, चिंचेवरची हडळ... यातलं काही मी कधी मानलं नाही. मी यादी करणारी बाई. दळणाची यादी, वाणसामानाची यादी, पाहुण्यांच्या अंथरुणांची यादी. काम झालं की त्यावर काट मारायची आणि पुढच्याकडं वळायचं. असल्या बाईनं न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहावं याचं आमच्या घरच्यांना हसू येईल. येऊ दे. एका कामावर मला आजवर काट मारता आलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

आम्ही सेलूचे. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर. निजामी अंमल होता, लढाईचे दिवस होते. माझी धाकटी नणंद कमळ... मी लग्न होऊन आले तेव्हा ती रांगत होती, तिचं न्हाऊमाखू मीच केलं. सतरा वर्षांची झाली तरी अंगातला वारा गेला नव्हता. दिवाळीनंतर बाजाराकडं निघालेल्या कापसाच्या गाडीवर मैत्रिणींबरोबर चढली आणि ढिगावरून खाली आली. मांडीचं हाड मोडलं.

परभणीच्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, पण हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती. तसंच जुळलं तर पाय आखूड होणार, आणि मोठा हिसका बसून टोक आतल्या शिरेत घुसलं तर पायच जाणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हाड बसवणारा जाणता माणूस सोनपेठच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला एका वाडीत आहे, हेही त्यांनीच सुचवलं. आम्ही माणूस पाठवला. वैद्य म्हातारे, त्यांना स्वतःलाच गाडीत बसवत नव्हतं. त्यांचा उलट निरोप आला : संक्रांतीच्या आत आणा, त्यानंतर हाड आहे तसंच धरेल. आणि आणाल ती आडवी आणा, एक गचका न बसता.

कमळचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडची माणसं भली होती, तरी त्यांचाही निरोप आलाच होता – मुलगी चालू लागली की तारीख धरू. म्हणजे काय ते मला कळत होतं, आणि कमळलाही.

आगगाडीचा विचार आधी केला. पण डब्यात चढवणं, परभणीला उतरवणं, दुसऱ्या गाडीत घालणं, पुन्हा उतरवणं, आणि शेवटी बैलगाडी आहेच. मोटारीला पेट्रोल मिळत नव्हतं. मी ठरवलं, घरापासून वैद्याच्या दारापर्यंत एकच बैलगाडी. त्यात दोरांनी टांगलेली खाट, खाली सैल कापसाचा थर. सेलूहून पाथरी, पाथरीहून गंगा, म्हणजे आमची गोदावरी, उतरून सोनपेठ, तिथून डोंगर. बैल सावकाश चालवायचे तर चार दिवस.

राहिली वाट. ह्यांच्या कचेरीतल्या ओळखीनं नकाशा पाहायला मिळाला. तो उर्दूत होता. हे वाचत गेले, मी कागदावर उतरवत गेले. पण त्या नकाशात गाव कुठं आहे ते कळतं, गचका कुठं बसेल ते कळत नाही. मग मी दुसरी तजवीज केली. पाथरी-सोनपेठकडच्या गाड्या कापूस घेऊन सेलूच्या बाजाराला येतात, आणि माप होईपर्यंत गाडीवान बसून असतात. मी ताकाची कळशी घेऊन रोज तिथं जाऊ लागले. ताक द्यायचं आणि विचारायचं. या ओढ्याला दगड आहेत का वाळू? चढ कुठल्या अंगाला? चाकोऱ्या किती खोल? विहिरीला पाणी आहे का? एक जण शेवटी म्हणाला, "बाई, सडक बांधायचं गुत्तं घेतलाव काय?" बाकीचे हसले. मी म्हटलं, कंत्राटच समजा, आणि पुढचं विचारलं.

कागदावर पाण्याला गोल, सावलीला त्रिकोण, गचक्याला फुली. फुल्या चुकवत वाट काढायची. दोन जागांबद्दल मात्र गाडीवानांचं एकमत होईना – पाथरीच्या अलीकडचा एक उतार, आणि गंगेचा नेहमीचा पायउतार, जिथून गाड्या पाण्यात घालून पलीकडं काढतात. एक म्हणे तळ चांगला आहे, दुसरा म्हणे पुरानं धोंडे आणून टाकलेत. मी कागदावर जवळची वाट धरली, पण मन राजी नव्हतं. भाकरी थापताना, केर काढताना मी मनातल्या मनात ती वाट चालत असे. इथं वळायचं, इथं निंबाचं झाड, इथं उतरायचं. सगळा रस्ता मला डोळे मिटून दिसायला लागला होता. त्या दोन जागी आले की पाय अडायचे.

म्हणून पुढं माणूस पाठवायचं ठरलं. माझे धाकटे दीर, विष्णूभाऊजी, तट्टावर बसून एक दिवस आधी निघणार, वाट डोळ्यांनी बघणार आणि आमच्यासाठी खुणा करणार. आमच्या भागात मागून गाड्या यायच्या असल्या की पुढचा माणूस फाट्यावर थांबतो, आणि जी वाट घ्यायची नाही तिच्यावर हिरवी डहाळी टाकून वर दगड ठेवतो. मागच्यांनी ती वाट सोडायची. मी त्यात माझी एक भर घातली. डहाळीचा देठ जायच्या वाटेकडे करायचा, म्हणजे तीन वाटा फुटल्या तरी घोटाळा नको. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमी डहाळीलाबी कामाला लावलंत." मी म्हटलं, लावते. आणि नियम केला की डहाळी दिसली की वाद नाही, नकाशा काहीही म्हणो.

निघायच्या आदल्या दिवसापर्यंत कमळ पडल्यापडल्या माझ्या कापडी पिशवीवर राघू भरत होती. राघूचं शेपूट राहिलं. मी म्हटलं, दे तशीच, मला सामान भरायचंय. ती म्हणाली, "न्या. राघूबी माझ्यासारखाच हाय. आमी दोघं संगंच धड होऊ."

भाऊजी ठरल्याप्रमाणे निघाले. दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही. कमळ, मी आणि गाडीवान धोंडिबा. हे शाळेमुळं मागं राहिले.

सेलूबाहेरच्या पहिल्याच फाट्यावर डहाळी होती. निंबाची, टवटवीत, वर दगड, देठ पाथरीकडं. माझ्या नकाशाशी तंतोतंत जुळत होती. मला फार बरं वाटलं. काम वेळेवर करणारी माणसं मला आवडतात.

दुपारी विहिरीवर बैल सोडले. मी दिवसा कधी झोपत नाही, हे आमच्या घरात कुणालाही विचारा. पण त्या दुपारी चाकाला टेकून बसले आणि गाढ झोपले. जागी झाले ती कमळच्या हसण्यानं.

"वहिनी, झोपेत पाय कशाला हलवायलाव? सारखे चाललेत, उजवा-डावा, उजवा-डावा. माझ्या आधी तुमीच पोचणार बगा."

दगदग, दुसरं काय, असं मी म्हटलं. तळपाय भाजल्यासारखे होत होते. त्यावर पाणी ओतलं आणि गाडी जुंपायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी पाथरीच्या अलीकडं तो वादाचा उतार आला, आणि डहाळी आमच्याच वाटेवर पडलेली! देठ डावीकडं, शेतांच्या कडेनं जाणाऱ्या लांबच्या वाटेकडं. मी नाराज झाले, पण नियम माझाच होता. डावीकडं वळलो. वाट लांब खरी, पण ज्वारीच्या कडेची काळी माती पायाखाली दबून सपाट झालेली. खाट हललीसुद्धा नाही. कमळ झोपून गेली. धोंडिबा म्हणाला, भाऊसाबाची नजर चांगली हाय. त्या दुपारीही मी झोपले. त्या दुपारीही पाय चालत होते म्हणे.

तिसऱ्या दिवशी गंगा. त्या दिवशी मात्र सगळंच उलटं चाललं होतं. कमळला सकाळपासून ताप भरला होता, मांडी तटतटून फुगली होती, आणि ती थट्टा करायची बंद झाली होती. ती गप्प झाली की मला भीती वाटते. वैद्याकडं पोचायला उशीर करून चालणार नव्हता. गंगा समोर दिसत होती, पायउतार जवळच होता, आणि त्याकडं जाणाऱ्या वाटेवर निंबाची डहाळी. देठ वरच्या अंगाला, नदीच्या कडेकडेनं जाणाऱ्या वाटेकडं. तिकडून अर्धा दिवस जास्त.

मी खाली उतरले, दगड बाजूला केला आणि डहाळी उचलून फेकली.

"बाई, नगा," धोंडिबा म्हणाला.

"सरळ घे. पोरीला ताप आहे."

गाडीतून कमळचा आवाज आला, अगदी बारीक. "वहिनी, नियम तुमचाच हाय."

मग मी गाडी थांबव म्हटलं, आणि आधी एकटी चालत पाण्यापर्यंत गेले. जिथं चाकं पाण्यात शिरली असती बरोबर त्या जागी, ओल्या वाळूवर, दुसरी डहाळी होती. वर दगड. देठ वरच्या अंगाला. म्हणजे मी पहिली खूण मोडणार हे कुणाला तरी आधीच ठाऊक होतं. भाऊजी मला चांगले ओळखतात, असं मनात आलं.

तरीही मी पाण्यात उतरले. मला माझ्या पायांनी बघायचं होतं. थोडं आत गेले तर तळाला धोंडे, घोंगडीएवढे, एकावर एक, आणि मधल्या फटीत पाय मांडीपर्यंत गेला. वरून पाणी अगदी शांत. गाडी तिथं घातली असती तर चाक त्या फटीत जाऊन आडवीच झाली असती. आणि खाट गाडीला बांधलेली होती.

बाहेर येऊन लुगडं पिळलं. वाळूवर पावलं उमटलेली होती. अनवाणी, लहान. तट्टाचे खूर कुठंच नव्हते. ते मी पाहिलं, नोंदवलं आणि तिथंच सोडून दिलं. भाऊजींनी तट्टू वर बांधलं असेल. पावलं कुणाचीही असतील, पाण्याला बाया येतातच.

वरच्या अंगाला गेलो. तिथं पात्र पसरट होतं, सगळी वाळू, आणि काठावर भोयांची वस्ती. त्यांनी खाट सोडली, खांद्यावर घेतली आणि पालखीसारखी पलीकडं नेली. गाडी मागून रिकामी ओढून काढली. पाणी कमळच्या अंथरुणाला लागलं नाही. सोनपेठच्या अलीकडं मुक्काम केला आणि चौथ्या दिवशी दिवे लागायच्या आत वाडीत पोचलो.

वैद्यांनी हात फिरवून पाय पाहिला. म्हणाले, "हाड जागचं हललं नाही. कसं आणलंत?" मी म्हटलं, दीर पुढं होते. विचारलं, ते आले असतील ना? ते आलेच नव्हते. मला राग आला, पण हाड बसवायचं होतं. मी कमळचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिनं माझा हात असा दाबला की बांगड्या पिचल्या. त्यानंतर ती झोपली.

दोन दिवसांनी विष्णूभाऊजी आले. आगगाडीनं परळीकडून, पुढं कुणाच्या तरी गाडीनं, पायाला फडकं गुंडाळलेलं. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

"वहिनी, माफ करा. सेलूच्या बाहेर ओढ्यातच तट्टू बुजलं आन् मला टाकलं. शेतावर पडून होतो. घरी निरोप पोचला तवर तुमी निघून गेल्या होत्या."

"मग डहाळ्या?"

"कसल्या डहाळ्या? पहिला फाटाबी आला नव्हता हो. मला वाटलं, तुमी नकाशावरच आल्या असणार."

मी धोंडिबाकडं पाहिलं. तो गाडीच्या दांडीवर बसला होता, तो उठून उभा राहिला. मग मी भाऊजींना चहा करून दिला, कारण तेवढं काम समोर दिसत होतं.

त्या रात्री मी नेटानं कारणं शोधली. दुसऱ्या कुठल्या वऱ्हाडाच्या खुणा असतील. पण त्या थेट सेलूपासून गंगेपर्यंत कशा? आणि देठ? देठाची भर माझी, ती आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. धोंडिबाला तर मी पहिल्या फाट्यावर पोचल्यावर सांगितली. तो सबंध वेळ माझ्या डोळ्यांसमोर होता. ठरवलं, परत जाताना वाटेवरच्या प्रत्येक माणसाला विचारायचं. मी अर्धवट सोडणारी नाही.

महिना-दीड महिन्यानं परत निघालो तेव्हा कमळ गाडीत बसून होती, शेजारी कुबडी. पाय सरळ होता. वैद्य म्हणाले होते, शिमग्यापर्यंत कुबडी टाकेल. पडल्यापडल्या तिनं राघूचं शेपूटही पुरं केलं होतं, हिरवं, टोकाला लाल. पिशवी माझ्या खांद्याला होती.

गंगा उतरून त्या फाट्यावर आलो, जिथं मी डहाळी फेकली होती. तिथं एक म्हातारी शेळ्या चारत होती. मी गाडी थांबवली आणि खाली उतरले. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली :

"आलाव का माय परत? तवा पायी होताव. आता गाडी हाय, बरं झालं."

मी म्हटलं, आजी, तेव्हाही गाडीच होती, तुमची चूक होतेय.

"गाडी मागनं आली आसंल, म्या नाय बगितली. म्या म्हणते ते भोयांनी खाट पलीकडं नेली म्हणं, त्याच्या आदल्या दिशी, भर दुपारी. तुमी एकल्याच. पायात काय न्हाई, धुळीनं गुडघ्यावर पाय भरलेले. निंबाची डहाळी हितं टाकली, धोंडा ठिवला, देठ तिकडं केला. म्या म्हणलं, माय, कुणाला वाट दाखवायलाव? तुमी सबुद बोलला न्हाईत. माझी शेळी पाल्याला लागली तर निस्ता हात केला. मंग दुसरी डहाळी घिऊन खाली पाण्याकडं गेलाव. म्या म्हणलं, मुकी हाय बिचारी."

गाडीत कमळ खो-खो हसायला लागली. "आमच्या वहिनी मुक्या! धोंडिबा, ऐकलंव का?"

धोंडिबा हसला नाही. मी म्हातारीला म्हटलं, दुसरी कुणी असेल. माझ्यासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ असतात.

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बोटानं पिशवीला शिवली.

"हीच की पिशवी. निस्ता तवा राघूला शेपूट नव्हतं."

कमळचं हसू तिथंच थांबलं.

मी व्यवहारानं चालणारी बाई आहे, म्हणून तिथल्या तिथं तपासलं. आमची गाडी त्या फाट्यावर आली त्या दिवशी पिशवी आत कमळच्या उशाखाली होती, बाहेर दिसण्यासारखी नव्हती. आणि म्हातारी सांगत होती त्या आदल्या दुपारी मी कुठं होते? एक मुक्काम मागं, पाथरीजवळ, चाकाला टेकून गाढ झोपलेली. कमळ आणि धोंडिबा दोघं साक्षीला. मी कमळकडं पाहिलं. ती माझ्या तोंडाकडं पाहत नव्हती, माझ्या पायांकडं पाहत होती.

पुढं पाथरीपर्यंत आणि पाथरीपासून सेलूपर्यंत मी ठरल्याप्रमाणे प्रत्येकाला विचारलं. बाकी कुणी काही पाहिलं नव्हतं. डहाळ्या शेळ्यांनी खाल्ल्या असतील नाहीतर वाळून उडून गेल्या असतील. दगड मात्र जागोजाग होते. वाटेच्या बरोबर मधोमध ठेवलेले. आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, झोपेत चालण्याचा आजार असतो. मी म्हटलं, असतो, पण चाकाला टेकलेलं शरीर जागेवर ठेवून कुणी कोसन्‌कोस चालतं का? त्यावर त्यांनी पुस्तक उघडलं.

कमळचं लग्न वैशाखात झालं. बोहल्यापर्यंत ती कुणाचा हात न धरता गेली. पाय किंचित मागं राहतो, पण माहीत असलेल्यालाच दिसतो.

मला अजून काही कळलेलं नाही. कुणी जाणत्यानं सांगितलं तर ऐकायची तयारी आहे. धागेदोरे आणि नारळ सांगणार असाल तर नको. प्रवासाच्या आखण्या मी आजही करते, कारण त्या कराव्याच लागतात. गेल्या महिन्यात कमळच्या बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायची होती. मी कागद काढला, पाण्याला गोल, सावलीला त्रिकोण, गचक्याला फुली, आणि आगगाडीनं तिच्या सासरी जाऊन परतीची सगळी गाडीवाट तिला समजावून सांगितली. तिनं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मग पोटावर हात ठेवून, जरासुद्धा न हसता, विचारलं :

"जाऊन आलाव का, वहिनी?"